शिक्षा नाही, म्हणून अनुदानही नाही!

चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलभागातील एखादा मजूर गुन्ह्याच्या आरोपाखाली पकडला जातो, आणि त्याचे चित्त ठिकाणावर नाही असे न्यायालयास आढळून आले म्हणजे त्याला नागपूरच्या प्रादेशिक मनोरुग्णालयाची वाट दाखविली जाते. हे रुग्णालय सिरोंच्यापासून तीनशे किलोमीटरांपेक्षाही दूर आहे. मागे राहिलेल्या बायकोमुलांनी खावे काय, हा प्रश्न मात्र कोणत्याच न्यायासनासमोर येत नाही.

संजय गांधी निराधार अनुदान योजना अशा निराधारांसाठीच निघाली. २०२३ साली तिचे मासिक अनुदान १,५०० रुपये झाले. लाभार्थ्यांत तुरुंगात शिक्षा भोगत असलेल्या कैद्याची पत्नी हिचाही समावेश आहे. वाचकांनी हे शब्द नीट पाहावेत. शिक्षा भोगत असलेल्या! ज्याला आपला बचाव करण्याइतके भान नाही, त्याचा खटला भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३६७ व ३६८ अन्वये तहकूब राहतो. खटला नाही म्हणून शिक्षा नाही, आणि शिक्षा नाही म्हणून पत्नी त्या शब्दांत बसत नाही. खुनाबद्दल जन्मठेप झालेल्याच्या पत्नीला जो आधार मिळू शकतो, तो गुन्हा शाबीत न झालेल्या रोग्याच्या पत्नीला नाकारता येतो, हा कोठला न्याय? इंग्लंडात २०१० पासून शिक्षा भोगत असताना रुग्णालयात हलविलेल्या कैद्याचे भत्ते बंद झाले. परंतु तुरुंगाऐवजी न्यायालयाने थेट रुग्णालयात धाडलेल्याचे चालू राहिले. तो नियम कठोर खरा, पण निदान त्यात दोषी कोण व रोगी कोण, याचा विवेक आहे.

हे चार-सहा महिन्यांचे दुखणे असते तर आम्ही लेखणी उचलली नसती. आसामातील मचांग लालुंग हे आदिवासी गृहस्थ १९५१ साली पकडले गेले व २००५ साली सुटले. मधली ५४ वर्षे मनोरुग्णालय आणि तुरुंग यांत गेली. खटला कधी चाललाच नाही. २००७ साली सर्वोच्च न्यायालयाने आसाम सरकारला ३ लाख रुपये भरपाई व दरमहा १,००० रुपये देण्यास लावले. एवढ्या काळात घरच्यांना काय मिळाले असते, याचा हिशेब कोणी मांडावा?

आमची मागणी साधी आहे. योजनेतील 'शिक्षा भोगत असलेल्या' हे शब्द काढून तेथे 'कोठडीत, तुरुंगात किंवा न्यायालयाच्या हुकुमाने मनोरुग्णालयात असलेल्या' असे शब्द घालावेत. त्यासाठी नवा कायदा नको, शासन निर्णय पुरे.

तोपर्यंत बंधुभगिनींनी हातावर हात धरून बसू नये. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात मानसिक आजार हे दिव्यांगत्वच आहे. रोगी नागपुरास असतानाच ४० टक्क्यांच्या प्रमाणपत्राची खटपट करावी, म्हणजे सुटून आल्यावर वर्ष वाया जात नाही. कलम ३६९ खाली उपचाराची हमी देऊन त्याला सोडविण्याचा अर्जही करता येतो. वकिलाच्या फीची धास्ती बाळगू नये. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याचे कलम १२ मनोरुग्णालयातील बंदिवानाला नाव घेऊन मोफत वकील देते, आणि स्त्री म्हणून त्याच्या पत्नीलाही देते. तिचे उत्पन्न त्यात आड येत नाही. अर्ज तालुका विधी सेवा समितीकडे द्यावा. अनुदानाचा अर्ज तहसीलदाराकडे द्यावा, पोच घ्यावी, आणि नकार दिल्यास तो लेखी मागावा. तोंडी नकारावर अपील होत नाही.