पुराण कोणाच्या मालकीचे?

समूह-प्रदर्शनात एखाद्या चित्रकाराने द्रौपदी किंवा पानिपत रंगविले, की दोन प्रकारचे लोक त्याच्यावर तुटून पडतात. आधुनिक म्हणविणारे नाक मुरडतात, 'हा शिळा विषय!' संस्कृतिरक्षक म्हणविणारे दरडावतात, 'हा आमचा विषय, हात लावू नकोस!' मला हे दोघेही सारखेच अरसिक वाटतात.

पहिल्यांना मी विचारतो, मकबूल फिदा हुसेन आधुनिक नव्हते काय? १९४७ साली मुंबईत स्थापन झालेल्या प्रोग्रेसिव्ह गटातले ते. ब्राझीलमधील साओ पावलोच्या १९७१ च्या प्रदर्शनात पिकासोबरोबर त्यांनाही खास निमंत्रण होते. तेथे त्यांनी मांडले ते महाभारतच! दोन महायुद्धांनी पोळलेल्या शतकाला कुरुक्षेत्र शिळे कसे वाटावे?

आणि दुसऱ्यांना काय सांगावे! पंढरपुरात जन्मलेल्या या चित्रकाराला खटले आणि धमक्या यांपायी २००६ साली देश सोडावा लागला. दिल्ली उच्च न्यायालयाने २००८ मध्ये त्यांच्यावरील खटले रद्द केले. तरी ते परतले नाहीत. २०११ साली लंडनमध्ये वारले.

मी शाळामास्तर. वर्गात महाभारताची गोष्ट सांगतो, तेव्हा प्रत्येक मुलाच्या डोळ्यांपुढचा कर्ण निराळा असतो. त्यांतला खरा कोणता, हे ठरविण्याचा अधिकार मला नाही. मग तो या रखवालदारांना कोणी दिला? चित्र वाईट असेल तर खुशाल वाईट म्हणा, चांगले झोडपून काढा. पण विषयाला कुलूप घालू नका. व्यासांनी त्याची किल्ली कोणाच्याही कमरेला बांधून ठेवलेली नाही.