संगणकाचा आवाज नाहीसा झाला तर

घरात संगणक असलेल्या कुटुंबांस हा प्रसंग अपरिचित नाही. परगावच्या मुलाबाळांशी बोलण्याकरिता सारी मंडळी पडद्यासमोर येऊन बसावीत, पलीकडे नातवंडांचे ओठ हलताना दिसावेत आणि शब्द मात्र एकही ऐकू येऊ नये! मग कोणी नवा स्पीकर आणावयास सांगतो, तर कोणी दुरुस्तीवाल्यास बोलावू पाहतो. वाचकहो, पैसे खर्च करण्यापूर्वी दहा मिनिटे थांबावे. अशा वेळी पुष्कळदा काहीच बिघडलेले नसते. आवाज निघालेला असतो, परंतु तो भलत्याच दाराने बाहेर पडत असतो.

१९८१ साली आय.बी.एम. कंपनीने आपला वैयक्तिक संगणक बाजारात आणला, तेव्हा त्याच्या पेटीतच एक लहानसा स्पीकर होता. त्याचा आवाज साधाच असे. पण तो कोठून येणार, याविषयी संशय नसे. आजच्या संगणकास मात्र अनेक वाटा असतात: अंगचा स्पीकर, हेडफोनचे छिद्र, पडद्याकडे जाणारी एचडीएमआय केबल आणि बिनतारी ब्लूटूथ. एचडीएमआय केबल चित्राबरोबर ध्वनीही वाहून नेते. त्यामुळे नवा मॉनिटर जोडताच संगणक कित्येकदा आवाज त्याच्याकडे धाडू लागतो. आणि त्या मॉनिटरला स्पीकरच नसला, तर घरात शांतता! शेजारच्या खोलीत ब्लूटूथ हेडफोन चालू राहिला असला, तरी हीच गत होते.

म्हणून प्रथम, विंडोज प्रणाली असल्यास, पडद्याच्या उजव्या खालच्या कोपऱ्यातील स्पीकरचे चिन्ह पाहावे. त्यावर फुली असली, तर आवाज कोणीतरी बंद केला आहे एवढाच अर्थ. फुली नसल्यास त्या चिन्हावर माउसची उजवी कळ दाबून ‘साउंड सेटिंग्ज’ उघडावे आणि ‘आउटपुट’खाली दिसणारी नावे एकेक करून निवडून पाहावीत. हाच उपाय सर्वांत अधिक वेळा कामास येतो.

त्यानेही भागले नाही, तर संगणकात साठविलेले एखादे गाणे लावून पाहावे. गाणे ऐकू येते आणि संभाषण येत नाही, असे झाल्यास स्पीकर निर्दोष आहे हे सिद्ध झाले. संभाषणाच्या अॅपमध्ये स्पीकरची निवड बहुधा निराळी असते, ती तेथे जाऊन बदलावी. आपले बोलणे पलीकडे पोचत नसेल, तर प्रायव्हसी सेटिंग्जमध्ये त्या अॅपला मायक्रोफोन वापरण्याची परवानगी आहे ना, तेही पाहावे.

तारांचे स्पीकर असतील, तर पेटीच्या मागील हिरवे छिद्र स्पीकरचे व गुलाबी मायक्रोफोनचे, हा संकेत ध्यानी ठेवावा. टोक अर्धवट बसले असता एकाच बाजूने आवाज येतो.

ब्लूटूथ हेडफोनवर गाणे सुरेल, पण बोलणे सुरू होताच आवाज जुन्या टेलिफोनसारखा, ही तक्रार आता फार ऐकू येते. हा बिघाड नव्हे. हेडफोनचा स्वतःचा मायक्रोफोन वापरात आला की पुष्कळ संच साध्या संभाषणाच्या पद्धतीवर उतरतात. ‘इनपुट’मध्ये संगणकाचा मायक्रोफोन निवडला, की आवाज बहुधा पूर्ववत होतो.

प्रणाली अद्ययावत केल्यानंतर लगेच आवाज गेला असेल, तर आधी संगणक बंद करून पुन्हा सुरू करावा. तरीही न आल्यास ‘डिव्हाइस मॅनेजर’मध्ये ध्वनियंत्रणेच्या नावाखाली ‘रोल बॅक ड्रायव्हर’ आहे. ते बटण फिकट दिसले, तर परत जाण्याजोगी जुनी आवृत्ती तेथे नाही, असे समजावे.

राहता राहिली गुणगुण. लॅपटॉपचा चार्जर लावताच बाहेरच्या स्पीकरमधून घुमल्यासारखा आवाज येतो आणि चार्जर काढताच थांबतो, तेव्हा दोष बहुधा विजेच्या जोडणीत असतो. दोन्ही उपकरणे एकाच बोर्डाला जोडून पाहावीत. गुणगुण जाते म्हणून प्लगची तिसरी, जाड पिन मोडून टाकण्याचा किंवा दोन पिनांचा प्लग लावण्याचा सल्ला कित्येक शेजारी देतात. तो मुळीच ऐकू नये. ती पिन माणसाचा जीव वाचविण्यासाठी आहे. भिंतीतील अर्थची तार खरोखर जोडलेली आहे की नाही, हे परवानाधारक वायरमनकडून तपासून घ्यावे.