डंपरमागचा माणूस कोण?



बांधकामाच्या साइटवर काँक्रीटचा मिक्सर किंवा मातीचा डंपर मागे घ्यायची वेळ आली की मुकादम इकडेतिकडे बघतो आणि जो रिकामा दिसेल त्याला मागे पिटाळतो. कधी क्लीनर, कधी बिगारी, कधी वॉचमन. तो थेट गाडीच्या मागे उभा राहून ‘येऊ दे, येऊ दे’ ओरडतो. फिरत्या ड्रमच्या घरघरीत ड्रायव्हरला ते ऐकू येत नाही आणि गाडीच्या बरोबर मागे असलेला माणूस आरशात दिसत नाही. अपघात टाळायला उभा केलेलाच आधी चाकाखाली जायचा! हे काम शिकलेल्या माणसालाच द्यावे, आणि तो हजर नसेल तर गाडी मागे घेऊच नये.

‘त्यात शिकवायचे काय?’ असे ठेकेदार विचारतात. ड्रायव्हरच्या बाजूला, त्याच्या आरशात दिसेल असे, पण गाडीच्या वाटेबाहेर उभे राहायचे. खुणा हाताच्या आणि ड्रायव्हरशी आधी ठरवलेल्या. खूण करणारा एकच, बाकीच्यांनी गप्प राहायचे (आपल्याकडे हे सर्वांत अवघड). उलट्या पावलांनी चालायचे नाही, मागे सळ्या आणि खड्डे असतात. खुणा करणारा दिसेनासा झाला की ड्रायव्हरने जागीच थांबायचे, म्हणून वर्गात ड्रायव्हरही हवा. ड्रायव्हर बीडचा आणि बिगारी ओडिशाचा असेल, तर आरडाओरड्यापेक्षा ठरलेली खूण केव्हाही भरवशाची.

क्रेनच्या बाबतीत हे आपण मान्य केलेले आहे. क्रेनचालकाला इशारे देणारा १८ वर्षांवरचा आणि कामात सक्षम असावा, असे बांधकाम कामगारांसाठीचे १९९८ चे केंद्रीय नियम सांगतात. डंपरमागे मात्र कोणीही चालतो. एसटीकडे पाहा. फलाटावरून बस मागे घेताना कंडक्टर खाली उतरून शिट्टी मारतो, ती थांबली की ड्रायव्हरचा पाय ब्रेकवर जातो. त्या कंडक्टरकडे परवाना आणि बिल्ला असतो.

रिव्हर्स हॉर्न आणि कॅमेरे आले, आता माणूस कशाला, असाही एक युक्तिवाद होतो. दिवसभर गाड्या पीं-पीं करत असतात तिथे त्या आवाजाने कोणी मान वर करत नाही. कॅमेऱ्याच्या काचेवर पावसाळ्यात चिखल बसतो. आणि साइटवरच राहणाऱ्या मजुरांची लहान मुले हॉर्न ऐकून बाजूला होतील, असे कोणी धरून चालू नये.

गाडी मागे घ्यावीच लागू नये, हा खरा उपाय. कामाच्या ठिकाणी वाहनांमुळे होणाऱ्या मृत्यूंपैकी जवळजवळ एक चतुर्थांश गाडी मागे घेताना होतात, असे ब्रिटनची आरोग्य व सुरक्षा यंत्रणा सांगते. तिचाही पहिला सल्ला एकेरी वाहतुकीचा आहे. मोठ्या प्रकल्पात आत-बाहेरची दोन फाटके करता येतील, करावीतच. पण पुण्याच्या पेठांत जुना वाडा पाडून इमारत उभी राहते, तिथे मिक्सर वळणार कुठे? तिथे माणूसच लागतो.

खर्चाची सबब तर सांगूच नये. बांधकाम खर्चाच्या १ टक्का उपकर कामगारांच्या कल्याणासाठी घेतला जातो. जीव वाचवणारे शिक्षण कल्याणात बसत नसेल, तर काय बसते? ४ मार्चला सुरक्षा दिनाचे फलक लावून शपथा घेतल्या जातात. त्याच दिवशी एखादा रिकामा डंपर मैदानात नेऊन प्रात्यक्षिक घेतले तर शपथेपेक्षा बरे.

ठेकेदार निविदेत असते तेवढेच करतो. म्हणून महापालिका आणि सार्वजनिक बांधकाम विभागाने प्रशिक्षित इशारेवाला ही निविदेत वेगळी बाब धरून तिचा दर द्यावा. आणखी एक अट हवी. ‘काँक्रीट सुकतंय’ म्हणून मुकादम घाई करतो तेव्हा गाडी थांबवण्याचा अधिकार या माणसाकडे असावा, आणि थांबवल्याबद्दल त्याची हजेरी कापता येऊ नये.

– एक निवृत्त साइट सुपरवायझर, चिंचवड