खडक पाहूनच विहीर व उकिरडा यांची जागा ठरवावी

विहिरीची जागा ठरविताना पाणी किती लागेल, याचा विचार प्रत्येक शेतकरी करतो. ते पाणी कोणत्या वाटेने विहिरीत येईल, याचा विचार मात्र क्वचितच होतो. ही उणीव कोठेही बरी नव्हे. चुनखडक व डोलोमाइट यांच्या मुलखात तर ती जिवावर बेतू शकते.

यवतमाळ जिल्ह्यातील वणी व चंद्रपूर जिल्ह्यातील कोरपना या भागांत असे प्राचीन खडक आहेत. कोट्यवधी वर्षांपूर्वी समुद्रतळाशी चुन्याचा गाळ साचून चुनखडक बनला. अशा गाळातून वा खडकातून मॅग्नेशियमयुक्त पाणी दीर्घकाळ झिरपत राहिले, की निम्म्या कॅल्शियमची जागा मॅग्नेशियम घेते व डोलोमाइट तयार होतो. आजच्या समुद्रात तो फारच थोडा बनतो. हे कोडे शास्त्रज्ञांना दीर्घकाळ पडले होते. पाण्यातील क्षारांचे प्रमाण आळीपाळीने कमीजास्त होत राहिल्यास स्फटिकाचे सदोष कण विरघळतात व नवे थर नीट बसतात, असे मिशिगन व होक्काइडो विद्यापीठांच्या संशोधकांनी २०२३ साली दाखविले.

या बदलात बाहेरून भर पडली नाही, तर खडकाचा घनभाग सुमारे १२ ते १३ टक्क्यांनी आकसतो व कणांमध्ये पोकळी राहते. भर पडल्यास त्याच पोकळ्या बुजतात. म्हणूनच एक डोलोमाइट भरपूर पाणी देतो, तर दुसरा कोरडा राहतो. शिवाय हा खडक ठिसूळ आहे. भूकवचाच्या हालचालींनी त्यास तडे जातात व पावसाचे किंचित आम्ल पाणी ते रुंद करते. माती व वाळू यांतून पाणी गाळले जाते. रुंद तड्यांतून ते न गाळताच धावते.

याचे परिणाम कॅनडातील वॉकरटन या गावी दिसून आले. तेथील एक उथळ विहीर तडे गेलेल्या खडकातून पाणी घेत होती. मे २००० मध्ये अतिवृष्टीने जवळच्या शेतातील शेणखताचे जंतू तीत उतरले. क्लोरीनही पुरेसे नव्हते. सात माणसे दगावली व दोन हजारांहून अधिक आजारी पडली. खत टाकणाऱ्या शेतकऱ्याने योग्य रीतच पाळली होती, असे चौकशीत आढळले. दोष शेणखताचा नव्हता. विहिरीची जागा आणि पाण्याची देखरेख यांतच खोट होती.

उकिरडा घरालगत व विहीर उकिरड्यालगत, ही सोय कष्ट वाचविते हे खरे. परंतु आजारपणात बुडणारी मजुरी त्याहून महाग पडते. ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी विहिरीची शिफारस करण्यापूर्वी खडक ओळखावा. सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाच्या थेंबाने चुनखडक जोराने फसफसतो. डोलोमाइट मात्र भुकटी केल्यावरच नीट फसफसतो. शंका असल्यास भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेचा सल्ला घ्यावा. उकिरडा, शौचखड्डा व गोठा विहिरीपासून दूर व उताराच्या खालच्या अंगास असावेत. तथापि खडकातील तडे उतार पाळतीलच असे नाही. म्हणून विहिरीचा वरचा भाग पक्का बांधून घ्यावा, पहिल्या पावसानंतर पाणी तपासून घ्यावे आणि पिण्याच्या पाण्यात ब्लीचिंग पावडर नियमाने टाकावी.

पाणी लागले म्हणजे काम संपले, असे मानू नये. ते निर्धोक आहे, याची खात्री पटल्यावरच विहीर पुरी झाली असे समजावे.