गणपूर्तीअभावी

ऑगस्ट-सप्टेंबर हे वार्षिक सर्वसाधारण सभांचे दिवस. वाचनालय असो, गृहनिर्माण सोसायटी असो की ज्ञातीचे मंडळ, नोटिशीच्या तळाशी एक मजकूर ठरलेला असतो : गणपूर्तीअभावी सभा तहकूब झाल्यास ती अर्ध्या तासाने त्याच ठिकाणी घेण्यात येईल व त्या सभेस गणपूर्तीची आवश्यकता राहणार नाही. ही नियमाची तरतूद आहे, पण आता बहुतेक सभासद ती अर्ध्या तासानंतरची वेळच खरी धरतात आणि त्यातलेही बरेचसे घरून निघत नाहीत. मग अहवालवाचन, हिशेबाला मंजुरी, चहा, आणि अध्यक्षांची दरवर्षीची खंत : हल्ली कार्यकर्ते मिळत नाहीत, तरुणांना मोबाइलपुढे वेळ नाही.

ही खंत आम्हाला मान्य नाही. याच दिवसांत संध्याकाळी पुण्यात मुठेच्या काठी जाऊन पाहावे. कॉलेजातली आणि नोकरी करणारी मुलेमुली दिवसभराचे काम आटोपून थेट ढोलताशाच्या सरावाला येतात. कमरेला ढोल बांधून तासन् तास उभी राहतात, बोटे सोलवटली की पट्टी गुंडाळून पुन्हा टिपरू धरतात, ढोल उतरला की दोऱ्या ओढून ताणून घेतात. पदरचे पैसेही घालतात. मिरवणुकीतल्या आवाजाविषयी तक्रार करायला भरपूर जागा आहे आणि ती करायलाच हवी. पण वेळ नसलेली पिढी ही नव्हे.

त्यांना तिथे काय मिळते? पहिल्या दिवसापासून रांगेत एक जागा मिळते. नवा मुलगा आला की जुना वादक त्याच्याकडून एकेक ‘हात’ घोटून घेतो. दोन दिवस दांडी पडली तर कुणीतरी फोन करून विचारते. आपण नसलो तर रांगेत खाच दिसेल, हे त्याला पक्के ठाऊक असते. आमच्या मते माणूस कोणत्याही संघटनेत टिकतो तो मुख्यतः यामुळे. ध्येयधोरणांचा छापील कागद वाचून सभासद झालेला माणूस आमच्या तरी पाहण्यात नाही. कुणीतरी ओळखीचे ‘चल’ म्हणते, म्हणून माणसे येतात.

वारीतल्या दिंड्या याहून जुन्या आणि याहून शहाण्या. दिंडीला क्रमांक असतो, रथापुढे किंवा रथामागे तिची जागा ठरलेली असते, वारकरी भिशी भरतो, विणेकरी, पखवाजी, टाळकरी, पाण्याची आणि तंबूची व्यवस्था पाहणारे अशी कामे वाटलेली असतात. ज्ञानेश्वर महाराजांच्या पालखीच्या तळावर संध्याकाळी समाजआरतीला सगळ्या दिंड्या जमतात. चोपदाराने चोप उंचावला की हजारो टाळ एकदम थांबतात. मात्र ज्या दिंडीची काही तक्रार असेल ती टाळ वाजवतच राहते. चोपदार तिथे जातात, म्हणणे ऐकून घेतात, निवाडा होतो, मगच पुढचे कामकाज. हजारोंच्या मेळ्यात एका दिंडीच्या गाऱ्हाण्यासाठी सगळे थांबतात. ‘आयत्या वेळचे विषय’ पुढच्या सभेवर ढकलणाऱ्या आमच्या संस्थांनी हे एकदा तळावर उभे राहून पाहावे.

निःस्वार्थ सेवेची अपेक्षाही जरा आवरती घ्यावी. बचत गटातली बाई पहिल्यांदा येते ती मुलाची फी किंवा शेळी घेण्यासाठी सावकाराच्या दारी जावे लागू नये म्हणून. त्यात कमीपणा काही नाही. गट दहा ते वीस जणींचा, बैठक ठरल्या दिवशी, हप्ता आणि व्याज सगळ्यांसमोर मोजून वहीत लिहिलेले. पुढे याच बायका ग्रामसभेत उठून रेशन दुकानाचा आणि दारूबंदीचा प्रश्न मांडतात. गरजेपोटी आलेले माणूस जबाबदारीपर्यंत पोहोचते, फक्त मध्ये हिशेब उघडा असावा लागतो आणि बोलायला जागा लागते.

आमच्या वाचनालयांत नेमके इथेच घोडे पेंड खाते. ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय 1893 साली उभे राहिले. त्यामागचे वि. ल. भावे, पुढे ‘महाराष्ट्र सारस्वत’ लिहिणारे, तेव्हा ऐन विशीत होते. मराठीत छापले गेलेले प्रत्येक पुस्तक एका छताखाली असावे, ही त्यांची स्वतःची, वाचकाची गरज होती. आज विशीतला मुलगा वाचनालयात येतो तो स्पर्धा परीक्षेच्या अभ्यासिकेत, आठ-दहा तास बसतो आणि निघून जातो. रोज येणाऱ्या या मुलाला चिटणीस नावाने ओळखत नाहीत, आणि वर्षातून एकदा अध्यक्ष म्हणतात, तरुण येत नाहीत! कार्यकारिणीत तीच नावे पंधरा-वीस वर्षे फिरत राहतात. त्या मंडळींनी संस्था सांभाळली, पडत्या काळात अनुदानासाठी हेलपाटे घातले, याबद्दल मनापासून कृतज्ञता आहे. पण जागा अडवून धरल्यावर वारस कसे मिळणार?

तेव्हा पदाधिकाऱ्यांना विनंती आहे. यंदा सूचनाफलकावर नोटीस लावून थांबू नका. अभ्यासिकेतल्या चार मुलामुलींना नावाने हाक मारा आणि प्रत्येकाला एक खरे काम द्या. यंदाच्या पुस्तकखरेदीतला काही हिस्सा त्यांच्या हाती सोपवा, यादी त्यांना करू द्या, दुकानात त्यांना जाऊ द्या, बिले त्यांनीच सभेपुढे मांडावीत. निवड तुम्हाला पटली नाही तरी त्या वर्षापुरती ती बदलू नका. आणि पुढच्या निवडणुकीत कार्यकारिणीतल्या निदान दोन जागा तिशीच्या आतल्यांसाठी स्वतःहून मोकळ्या करा.