दिवस पहिला : न्यूयॉर्कमध्ये आगमन

मागचे दोन वीकेंड काहीच लिहिलं नाही, कारण ऑफिसमध्ये रिलीज होता. असो. आज जरा भडास काढायची आहे. विषय आहे ग्रुप टूर आणि विमानाचा लांबलचक प्रवास.

२०२३ च्या मे महिन्यात आई-बाबांना घेऊन मी अमेरिकेला ग्रुप टूरने गेलो होतो. मी ऑनसाइटच्या निमित्ताने तिकडे चार-पाच वेळा जाऊन आलोय, तेव्हा खरं तर स्वतःच घेऊन गेलो असतो. पण आईला "आपली माणसं" हवी होती, आणि संध्याकाळी वरण-भात. दोन्ही मिळालं, त्याबद्दल तक्रार नाही. तक्रार आहे ती टूरच्या कागदावरच्या पहिल्या ओळीबद्दल. तिथे लिहिलं होतं, 'दिवस पहिला : न्यूयॉर्कमध्ये आगमन, टाइम्स स्क्वेअरचा फेरफटका, रात्रीचे भोजन.'

आता हा 'दिवस पहिला' नक्की केवढा होता ते बघा. शुक्रवारी संध्याकाळी सातला पुण्याहून बस निघाली. मुंबईहून विमान पहाटे साडेचारला. तीन तास दुबई, तिथे अडीच तास बसून राहायचं, मग सलग चौदा तास न्यूयॉर्क. उतरलो तेव्हा तिथले शनिवारचे दुपारचे अडीच. इमिग्रेशनच्या रांगेत दोन तास. तिथून हॉटेलवर न जाता बॅगांसकट थेट टाइम्स स्क्वेअर, मग जेवण, मग न्यू जर्सीतलं हॉटेल. खोलीची किल्ली हातात पडली तेव्हा रात्रीचे साडेनऊ वाजले होते. पुणं सोडून ३६ तास! आणि आमच्या शरीराच्या घड्याळात तेव्हा रविवारचे सकाळचे सात वाजले होते. म्हणजे दोन रात्री जागून काढल्यावर टाइम्स स्क्वेअर. फोटोत सगळ्यांचे डोळे असे आहेत की जणू कुणाच्या तरी अंत्ययात्रेला आलोय.

आम्ही सॉफ्टवेअरवाले या प्रकाराला चांगले ओळखतो. क्लायंटला दाखवायच्या प्लॅनमध्ये बफर नसतो, आणि तो नसतो म्हणूनच प्लॅन दिसायला सुंदर असतो. फरक एवढाच, की आमच्याकडे रात्री जागणारे पंचविशीतले असतात. या ग्रुपमधल्या ३८ जणांपैकी निम्म्याहून जास्त साठीच्या पुढचे होते.

विमानातलं वातावरण म्हणजे काय असतं हे आपण फारसं लक्षातच घेत नाही. केबिनमधला हवेचा दाब साधारण सहा ते आठ हजार फूट उंचीवर असतो तेवढाच ठेवलेला असतो. आपलं कळसूबाई ५४०० फुटांचं. म्हणजे कळसूबाईच्याही वर, २० टक्क्यांहून कमी आर्द्रतेच्या कोरड्या हवेत, गुडघे समोरच्या सीटला टेकवून चौदा तास बसायचं. त्यात घड्याळ साडेनऊ तास मागे. शरीर दिवसाला साधारण एखादा तासच जुळवून घेतं. पश्चिमेकडे जाताना जरा सोपं जातं, कारण आपलं आतलं घड्याळ मुळात २४ तासांपेक्षा किंचित हळू चालतं आणि दिवस लांबलेला त्याला चालतो. परत येताना, म्हणजे पूर्वेकडे, खरी वाट लागते. पण परत आल्यावरचे हाल टूरच्या कागदावर येतच नाहीत, ते आपापल्या घरी भोगायचे.

ग्रुपने प्रवास सोपा होतो हे मात्र मान्य करायला हवं. दुबईच्या विमानतळावर डबे उघडले तेव्हा तिखट-मिठाच्या पुऱ्या, लसणाची चटणी, नारळाच्या वड्या, काय नव्हतं! एक काकू पर्समध्ये लिंबाचं लोणचं घेऊन आल्या होत्या, अख्खी बरणी. हसण्या-खिदळण्यात अडीच तास कसे गेले कळलं नाही.

पण याच ग्रुपची दुसरी बाजू मला दुसऱ्या दिवशी कळली. सकाळी साडेसातला बस. लिबर्टीच्या पुतळ्याकडे जाणाऱ्या फेरीच्या रांगेत बाबा लंगडत होते. विचारलं तर "काही नाही रे, पाय आखडलाय". टूर लीडर भला मुलगा होता, तो म्हणाला, "काका, थोडं चाला, मोकळं वाटेल." ग्रुपमध्ये एक निवृत्त डॉक्टर ताई होत्या. त्यांनी तिथेच बाकावर बसवून बाबांची पॅंट वर करायला लावली. डावी पोटरी उजवीपेक्षा स्पष्ट सुजलेली होती आणि दाबल्यावर दुखत होती. ताई मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "चालायचं नाही आता. हॉस्पिटलमध्ये ने. आत्ता."

पुढचे सहा तास मी इमर्जन्सी विभागात काढले. पायातल्या शिरेत रक्ताची गुठळी होऊ शकते आणि ती सुटून फुप्फुसात गेली तर जीवावर बेततं, एवढं मला माहीत होतं. जागतिक आरोग्य संघटनेने २००७ मध्ये सांगितलं होतं की चार तासांहून जास्त वेळ बसून प्रवास केला की हा धोका साधारण दुप्पट-तिप्पट होतो. तरी निरोगी माणसात तो सहा हजारांत एक एवढाच असतो. एरवी हा आकडा मी हसून सोडून दिला असता. त्या खुर्चीत बसून 'एक'च दिसत होता.

सोनोग्राफीत गुठळी निघाली नाही. स्नायू दुखावला होता. सुटलो.

संध्याकाळी हॉटेलवर बाबांनी खरं सांगितलं. त्यांची सीट खिडकीची होती (मीच हौसेने घेतलेली, बाहेरचं दिसेल म्हणून!). शेजारचे दोघे झोपले होते. त्यांना उठवायला नको म्हणून बाबा दुबईपासून एकदाच उठले. उठायला लागू नये म्हणून पाणी प्यायले नाहीत. आणि सकाळी पाय दुखत असूनही बोलले नाहीत, कारण "माझ्यापायी ३७ लोकांचा खोळंबा कशाला?"

माझा राग इथे आहे. ग्रुपमध्ये आपली माणसं दुखणं गिळतात. बस थांबेल, पॉइंट बुडेल, लोक काय म्हणतील. या भिडेवरच हे वेळापत्रक चालतं. टूर कंपनीने दुबईत एक मुक्काम दिला किंवा पहिला दिवस मोकळा सोडला, तर सगळ्यांच्या एका रात्रीच्या हॉटेलचा खर्च वाढतो हे मला कळतं. पण तो खर्च आपणच नको म्हणतो ना? मी स्वतः तीन कंपन्यांचे कागद शेजारी ठेवून कुठे जास्त ठिकाणं आहेत ते एक्सेलमध्ये मोजलं होतं. सगळ्यात जास्त भरलेली टूर निवडली. पैसे वसूल!

तेव्हा आई-बाबांना पाठवत असाल तर कडेची सीट घ्या, दोन तासांनी उठायचंच असं बजावून सांगा, आधी कधी गुठळीचा त्रास झाला असेल तर डॉक्टरांना विचारून घट्ट मोजे घ्या. आणि पहिल्या दिवशी काहीही नाही असं लिहिलेली टूर दिसली तर तिला महाग म्हणू नका.

गेल्या महिन्यात आईने जपानचं काढलं. बाबांनी कंपनीला फोन लावला, स्पीकरवर. पलीकडची मुलगी उत्साहात सांगत होती, "काका, पहिल्याच दिवशी आपण चार ठिकाणं कव्हर करतो!"

बाबा म्हणाले, "एकही नसलेली आहे का?"

ती म्हणाली, विचारून सांगते.