रजिस्ट्रीचे आकडे दरमहा लोकांसमोर ठेवा : इंदूरच्या कलेक्टरांना खुले पत्र

माननीय कलेक्टर साहेब,


रामबाग, लोकमान्यनगर, सुदामानगर इथल्या मराठी घरांत सध्या एकच विषय निघतो : घर विकायचे का, आणि विकायचे तर कितीला? मुले पुण्याला नाहीतर बंगळुरूला स्थायिक झालेली, आईवडिलांना जिना चढवत नाही, जुन्या भिंतींना ओल. अशा वेळी दारात पहिला येतो तो दलाल.

माझ्या ओळखीच्या एका वृद्ध जोडप्याचे २० बाय ५० च्या प्लॉटवर जुने घर आहे. एकाच आठवड्यात त्यांच्याकडे तिघे येऊन गेले. पहिला म्हणाला, "काका, मेट्रो आ गई, अभी रुको." दुसरा म्हणाला, "मार्केट ठंडा है, आज निकाल दो." तिसऱ्याने गाईडलाइनवर, म्हणजे सरकारी भावावर, रजिस्ट्री आणि वरचे रोख, असा हिशेब मांडला. तिघांच्या भावांत लाखोंचा फरक होता आणि तो भाव कशावरून काढला हे एकानेही सांगितले नाही. आयुष्यभराची कमाई ज्या चार भिंतींत अडकली आहे, तिची किंमत त्या दोघांना बोलणाऱ्याच्या चेहऱ्यावरून ताडावी लागली.

आपण जिल्हा मूल्यांकन समितीचे अध्यक्ष आहात, म्हणून हे पत्र आपल्याला. गाईडलाइन साधारणपणे १ एप्रिलपासून लागू होते आणि वर्षभर तोच सरकारी भाव राहतो. मुद्रांक शुल्क त्यावर, नोंदणी फी त्यावर. गाईडलाइनपेक्षा कमी किमतीत खरा व्यवहार झाला आणि फरक १० टक्क्यांहून जास्त निघाला, तर आयकर खाते तो फरक खरेदीदाराचे उत्पन्न धरू शकते. दर ठरवायच्या आधी आपण नागरिकांच्या हरकती मागवता, हे चांगलेच आहे. पण आमच्या गल्लीत वर्षभरात किती घरे विकली गेली आणि कोणत्या भावाने, हेच माहीत नसेल तर हरकत घ्यायची कशाच्या आधारावर? त्यातून गाईडलाइन चौरस मीटरमध्ये आणि बाजार चौरस फुटात. ३०,००० रुपये चौरस मीटर म्हणजे साधारण २,७८७ रुपये चौरस फूट, हे गणित म्हाताऱ्या माणसाने दलालासमोर बसून करायचे.

बाहेरून मदत मिळेल म्हणावे तर तीही तोकडी. रिझर्व्ह बँकेचा घरकिंमत निर्देशांक नोंदणीच्या आकड्यांवर बेतलेला आहे. २०२५ मध्ये त्यातली शहरे १० वरून १८ झाली. नागपूर आले, चंडीगड आले, कानपूर आधीपासून आहे. इंदूर नाही. राष्ट्रीय आवास बँकेच्या 'रेसिडेक्स'मध्ये इंदूर आहे, पण तो निर्देशांक तीन महिन्यांनी येतो आणि साऱ्या शहराला मिळून असतो. खजराना, राऊ आणि सुपर कॉरिडॉर यांना एकाच आकड्यात बसवून कुणाचे भले होणार?

खरी माहिती आपल्या जिल्ह्याच्या उपपंजीयक कार्यालयांत रोज जमा होते. ऑक्टोबर २०२४ पासून ती 'संपदा २.०' या नोंदणी प्रणालीत आहे. मागणी एवढीच, की तिच्यातून दर महिन्याला एक तक्ता निघावा. ८५ वॉर्डांपैकी प्रत्येकात किती रजिस्ट्र्या झाल्या, त्यांत प्लॉट किती, फ्लॅट किती, बांधलेली घरे किती, चौरस फुटाचा मधला भाव काय आणि तो गाईडलाइनच्या किती वर. नावे नकोत, घर नंबर नकोत. व्यवहार अगदीच थोडे असतील तिथे दोन-तीन वॉर्ड एकत्र करावेत, म्हणजे कुणाचे खासगी उघडे पडणार नाही. महाराष्ट्राचा नोंदणी विभाग दस्तांची संख्या आणि महसूल महिन्यागणिक जाहीर करतो. आपण त्याच्या एक पाऊल पुढे जावे.

महिन्याचा आकडा फसवा असतो, हे मला मान्य आहे. नव्या गाईडलाइनच्या धास्तीने मार्चमध्ये रजिस्ट्रीला रांगा लागतात, पितृपक्षात आणि मलमासात कार्यालये ओस पडतात, दसरा-धनतेरसला पुन्हा गर्दी. म्हणून शेजारी गेल्या वर्षीच्या त्याच महिन्याचा आकडा हवा, आणि तीन महिन्यांची सरासरीही. दुसरा आक्षेप रोखीचा : कागदावरचा भाव मुळात खराच नसतो. बरोबर. पण ज्या वॉर्डात झाडून साऱ्या रजिस्ट्र्या गाईडलाइनच्या आकड्यावरच थांबतात, तिथे काय चालले आहे हे तो तक्ताच बोलून दाखवील. गाईडलाइन कुठे वाढवायची आणि कुठे ती बाजाराच्याही पुढे गेली आहे, हेही आपल्या समितीला त्यातूनच दिसेल.

या शहरात प्लॉट डायरीवर विकले गेले आहेत. ना रेरा, ना रजिस्ट्री; चिठ्ठी हातोहात फिरते आणि प्रत्येक हातात भाव चढतो. प्रशासनाने त्याविरुद्ध पावले उचलली, पण भाव कानाकानांत ठरतो तोवर डायरी मरणार नाही. पुढच्या महिन्यात पंचवीस टक्के वाढेल, असे कुणी सांगितले तर त्याला खोटे पाडायला साध्या नोकरदाराकडे आज काहीही नाही.

आधी पाहणी, मग योजना, असा आग्रह धरणाऱ्या पॅट्रिक गेडिस यांनी १९१८ मध्ये होळकर दरबाराला इंदूरचा अहवाल दिला होता. आज तेच शहर घरोघरचा कचरा सहा प्रकारांत वेगळा करते आणि २०१७ पासून स्वच्छतेत देशात पुढे आहे. ज्या यंत्रणेला हे जमले, तिला महिन्याकाठी एक तक्ता अवघड नाही.

मूल्यांकन समितीच्या पुढच्या बैठकीत हा विषय घ्यावा, तक्ता हिंदीत आणि चौरस फुटात असावा, आणि तो संकेतस्थळाबरोबरच प्रत्येक उपपंजीयक कार्यालयाच्या फलकावरही लागावा, ही विनंती.

आपला,
इंदूरचा एक मराठी रहिवासी